कीपर, वॉर्डन, रीव्ह, हेवर्ड: सगळ्यांना 'रखवालदार' करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या एका जुन्या जहागिरीचा इतिहास मराठीत आणायचं काम प्रश्नकर्त्याने अंगावर घेतलं आहे. त्यात कीपर, वॉर्डन, स्ट्युअर्ड, बेलिफ, रीव्ह, हेवर्ड, पार्कर, पोर्टर, सेक्स्टन अशी मंडळी पानोपानी भेटतात. शब्दकोशात बघावं तर 'रखवालदार', 'रक्षक', 'कारभारी', 'व्यवस्थापक' या चौघांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, आणि पहिलं प्रकरण संपेपर्यंत सगळी माणसं एकाच गणवेशात उभी दिसायला लागतात. यांना मराठीत वेगवेगळं कसं ठेवायचं?

इंग्रजी दप्तरं वाचण्यात आणि मराठीत आणण्यात माझी हयात गेली, त्यामुळे उत्तर लांबेल. मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. पदाच्या नावावरून अर्थ काढायला जाऊ नका. त्या माणसाच्या हातात काय आहे ते शोधा: किल्ली, काठी, शिंग की वही. मग तो हिशेब कोणाला देतो ते शोधा. एवढं सापडलं की मराठी शब्द बहुधा आपसूक येतो. आणि जिथे येत नाही तिथे इंग्रजी शब्दच राहू द्यावा, हेही त्याच वेळी कळतं.

'कीपर'पासूनच बघा. या शब्दाला स्वतःची पायरी अशी नाहीच. १६१७ मध्ये फ्रान्सिस बेकन लॉर्ड कीपर झाला, म्हणजे राजाची मोठी मुद्रा त्याच्या ताब्यात आली. राज्यातल्या अगदी वरच्या अधिकाऱ्यांत त्याची गणना. त्याच लंडनमध्ये बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना साखळदंडात ठेवणारा नोकर, तोही कीपर. जमीनदाराचे तितर आणि ससे चोरांपासून राखणारा गेमकीपर, दीपगृहात रात्रभर जागणारा लाइटहाउस कीपर, आणि ब्रिटिश म्युझियममधल्या एखाद्या विभागाचा विद्वान प्रमुख, तोही पुन्हा कीपरच. इंग्रजी वाचकाला मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज येतो. मराठीत पायरी शब्दाच्या शेपटातच बसलेली असते. 'किल्लेदार' म्हटलं की हुकमत आली, 'चिटणीस' म्हटलं की लेखणी आली, 'फाटकवाला' म्हटलं की पगारी नोकर, 'वेसकर' किंवा 'जागल्या' म्हटलं की गावगाड्यातलं वतन. म्हणजे इंग्रजी लेखकाने जे झाकून ठेवलं तरी चालतं, ते मराठीत तुम्हाला ठरवावंच लागतं. बेकनला मी 'मुद्राधारी' म्हणेन, बेथलेममधल्याला 'पहारेकरी'. दोघांना 'रक्षक' म्हटलं तर दोघांचाही अर्थ गेला.

दुसरा मोठा गोतावळा 'वॉर्ड'चा. जुन्या इंग्रजीत 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. स्ट्युअर्ड, हेवर्ड, वुडवर्ड ही सगळी त्याच्यापासून आली. १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर हेच कूळ फ्रेंचमार्गे दुसऱ्यांदा इंग्लंडात आलं, कधी 'व'ने, कधी 'ग'ने. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या दिसतात. 'लॉर्ड' हा शब्दसुद्धा मुळात 'हलाफ-वेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार. हे सगळं रंजक आहे, वाचायला मलाही आवडतं. पण व्युत्पत्तीच्या नादाने भाषांतर केलं की घसरलात म्हणून समजा. हेवर्डमधला 'हे' म्हणजे वाळलं गवत असं समजून 'गवतवाला' लिहिलेलं मी छापील पुस्तकात पाहिलं आहे. तो 'हे' म्हणजे कुंपण. शेताभोवतीची कुंपणं धड आहेत ना, कोणाची गाय उभ्या पिकात शिरली नाही ना, हे बघणारा तो हेवर्ड. त्याच्याजवळ शिंग असे. गुरं पिकात शिरली की तो ते फुंकायचा. इंग्रजी माध्यमातली आपली पोरं बालवर्गात निळ्या कपड्यांतल्या एका मुलाचं गाणं म्हणतात, मेंढ्या कुरणात शिरल्या, गाय धान्यात शिरली, तू शिंग फुंक बाबा. काम नेमकं हेवर्डचं. मराठीत 'शेतराख्या' म्हटलं तर चालून जातं, फक्त पहिल्या वेळी शिंग आणि कुंपण ही दोन्ही एका वाक्यात सांगून टाका.

हेवर्डने पकडलेलं जनावर जायचं पिंडरकडे. इथे मात्र मराठीत काही शोधावंच लागत नाही. पिंडर सांभाळायचा तो चक्क कोंडवाडा. मोकाट जनावर आत घालायचं, मालकाने दंड भरला की सोडायचं. रॉबिन हूडच्या गाण्यांत वेकफिल्ड गावचा पिंडर त्याच्याशी झुंजतो, तेव्हा तो गडी नाक्यावरचा किरकोळ नोकर नसून गावाच्या पिकाचं रक्षण करणारा दांडगा माणूस आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, त्यातही 'पाउंड-कीपर' हे पद आहे. 'कोंडवाडेवाला' लिहा आणि निश्चिंत व्हा.

आता जहागिरीचा गाभा. तुमच्या पुस्तकात स्ट्युअर्ड, बेलिफ आणि रीव्ह हे तिघे असणारच, आणि तिघांनाही 'कारभारी' म्हणायचा मोह होणार. या तिघांचा उतरता जिना आहे. स्ट्युअर्ड हा धन्याच्या अनेक गावांवर देखरेख करणारा. गावोगाव फिरायचा, धन्याच्या नावाने कचेरी भरवायचा, हिशेब तपासायचा. त्याला 'दिवाण' म्हणावं. बेलिफ हा एका गावातल्या वाड्यावर राहून शेती करवून घेणारा, बहुधा बाहेरून आणलेला आणि पगारी. 'कारभारी' हा शब्द याच्यासाठी राखून ठेवा. रीव्ह मात्र गावातलाच, तोही पुष्कळदा कुळांपैकी, धन्याला बांधलेला शेतकरी. गावकऱ्यांतून वर्षासाठी निवडला जायचा आणि २९ सप्टेंबरच्या मायकलमस या सणाला वर्षाचा हिशेब द्यायचा. लिहिता न येणारा रीव्ह लाकडाच्या काठीवर खाचा पाडून धान्य आणि पैसा मोजायचा, मग कारकून ते उतरवून घ्यायचा. हे काम नको म्हणून धन्याला पैसे भरून सुटका करून घेणारे लोकही कागदपत्रांत सापडतात.

(खाचांच्या काठ्यांवरून आठवलं. सरकारी खजिन्यातही अशाच काठ्यांवर हिशेब ठेवत. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ ला पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत पार्लमेंटच जळालं.)

रीव्हला 'पाटील' म्हणायचं का, हे मला नेहमी विचारलं जातं. माझं ठाम उत्तर 'नाही' असं आहे. दोघेही गावचे, दोघेही वसुलीत गुंतलेले, हे खरं. पण पाटीलकी हे वतन. ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्याला मान आहे, शिक्का आहे, पोळ्याला पहिला बैल आहे, आणि ते टिकावं म्हणून भावाभावांत पिढ्यांची भांडणं आहेत. रीव्हची जागा लोक टाळायला बघायचे. 'पाटील' हा शब्द टाकला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फेटा आणि वाडा उभा राहतो, आणि कुळाकुळांतून निवडलेला तो हैराण माणूस दिसेनासा होतो. 'रीव्ह' असंच लिहा आणि एकदा समजावून सांगा. परगण्याच्या, म्हणजे शायरच्या रीव्हचं पुढे 'शेरीफ' झालं. मुंबईच्या शेरीफला आपण 'नगरपाल' म्हणतो ते ठीक. पण मध्ययुगीन शेरीफ नगराचा नव्हे, परगण्याचा माणूस, राजाची वसुली करणारा आणि लोक ज्याला टरकून असत असा. त्याला नगरपाल करू नका.

'बेलिफ' हा शब्द मराठीत जसाच्या तसा घ्यावा की नाही? जहागिरीच्या संदर्भात मुळीच नाही. कोर्टकचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येक मराठी माणसाला बेलिफ ठाऊक आहे: नाझराच्या हाताखालचा, समन्स घेऊन दारात उभा राहणारा, जप्तीला येणारा. तेराव्या शतकातला बेलिफ सकाळी नांगर मोजतोय आणि वाचकाला वाटतंय जप्ती आली.

आता ज्या शब्दांची पायरी काळाबरोबर घसरली त्यांच्याकडे येतो. माझ्या मते खरी कसोटी इथे लागते. 'कॉन्स्टेबल' म्हणजे मुळात तबेल्याचा सरदार, रोमन दरबारातला. तिथून तो सेनापती झाला, किल्ल्याचा अधिपती झाला, आणि उतरत उतरत गल्लीतला शिपाई झाला. 'मार्शल'ही मुळात घोड्यांचा चाकर, त्याचा प्रवास मात्र बराचसा वर गेला. असईच्या लढाईत १८०३ मध्ये मराठ्यांशी लढलेला वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८२६ पासून १८५२ पर्यंत लंडनच्या टॉवरचा, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्याचा, कॉन्स्टेबल होता. नेपोलियनला हरवलेला, इंग्लंडचा पंतप्रधान राहिलेला माणूस! तिथे 'कॉन्स्टेबल' तसंच ठेवलं तर नव्या वाचकाला वाटेल की म्हातारपणी त्याला पोलिसात घातलं.

गंमत अशी की याच घसरणीचा अस्सल जोड मराठीत आहे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे प्रमुख असत. गडाच्या किल्ल्या आणि हुकमत हवालदाराकडे. आज हवालदार म्हणजे चौकीतला पोलीस. कॉन्स्टेबल आणि हवालदार दोघेही गडाच्या दरवाजातून निघाले आणि पोलीस चौकीत येऊन पोचले. म्हणून वेलिंग्टनला शिवकालीन अर्थाने 'टॉवरचा हवालदार' म्हणणं अगदी बिनचूक, आणि आजच्या वाचकासाठी तितकंच चूक. मी 'किल्लेदार' लिहितो. तोच शब्द सोळाव्या शतकातल्या गावच्या कॉन्स्टेबलला लावता येणार नाही. तो गावकऱ्यांतून वर्षभरासाठी नेमलेला, भांडणं सोडवणारा, चोर धरून न्यायाधीशापुढे नेणारा. म्हणजे एकाच पुस्तकात एका शब्दाला दोन मराठी शब्द द्यावे लागतील, आणि ते द्यावेत. एका इंग्रजी शब्दाला सबंध पुस्तकभर एकच मराठी शब्द हवा, असा हट्ट काही संपादक धरतात. दप्तराच्या कामात तो हट्ट घातक आहे.

टॉवरमध्येच आणखी एक खड्डा आहे. तिथले गडद निळ्या आणि लाल पोशाखातले योमन वॉर्डर नावाचे पहारेकरी रोज रात्री समारंभाने दरवाजे बंद करतात, आणि पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. वॉर्डर हा खालचा, वॉर्डन वरचा. ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज १२६४ चं, त्याच्या प्रमुखाला आजही वॉर्डन म्हणतात. अमेरिकेत वॉर्डन म्हणजे तुरुंगाचा मुख्य अधिकारी, तर जुन्या ब्रिटिश तुरुंगात वॉर्डर म्हणजे कोठड्यांवरचा शिपाई. आपल्याकडे वॉर्डन म्हटलं की रात्री दहाला हॉस्टेलचं गेट लावणाऱ्या बाई. चार ठिकाणी चार शब्द वापरा.

दारावरच्या माणसांबद्दल. इंग्रजीत 'पोर्टर' हे दोन वेगळे शब्द एकाच स्पेलिंगमध्ये राहतात. एक लॅटिन दारापासून आलेला, दुसरा वाहण्यापासून. वाड्याच्या किंवा कॉलेजच्या दारावरचा पोर्टर म्हणजे देवडीवाला. स्टेशनावरचा पोर्टर म्हणजे हमाल. 'मॅकबेथ'मध्ये खुनाच्या रात्री दार ठोठावलं जातं आणि बडबडत येतो तो पोर्टर पहिल्या जातीचा, त्याच्या डोक्यावर बोजा नाही. 'अशर'सुद्धा मुळात दारपाळच. दरबारात तो काठी घेऊन पुढे चालतो, म्हणून तिथे 'चोपदार'. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शाळेत अशर म्हणजे दुय्यम मास्तर, छडी मारणारा. 'जॅनिटर'ही दारापासूनच निघाला आणि अमेरिकेत झाडूवाला झाला. यांच्यापुढे मात्र 'केअरटेकर' अगदीच नवखा शब्द आहे. जुन्या दप्तरात तो दिसला तर आधी तारीख तपासा, कोणीतरी नंतर केलेली नक्कल असण्याची शक्यता आहे. 'काळजीवाहू' हा त्याचा मराठी अवतार आपण सरकारांना देऊन टाकला आहे, इमारतीच्या माणसाला तो चिकटत नाही.

घरातल्या पदांत एक शब्द सर्वांत जास्त फसवतो, तो 'वॉर्डरोब'. तेराव्या शतकातल्या कागदात 'कीपर ऑफ द वॉर्डरोब' आला की लोक 'कपडे सांभाळणारा' लिहितात. अक्षरशः ते बरोबर आहे. पण राजाच्या कपड्यांच्या खोलीत मौल्यवान वस्तू ठेवल्या जात, मग रोकड, मग हिशेब. राजा मोहिमेवर निघाला की वॉर्डरोबही त्याच्या मागोमाग निघे आणि लढाईचा खर्च तिथून भागे. तो खजिनाच होता. मराठीत याला तयार शब्द आहे, जामदारखाना. फारसीत जामा म्हणजे वस्त्र, जामदार म्हणजे वस्त्रं सांभाळणारा. आपल्याकडेही वस्त्रांच्या खोलीत दागिने आले, जवाहीर आलं, आणि जामदारखाना म्हणजे खजिना होऊन बसला. देवस्थानांच्या दागिन्यांच्या संदर्भात तो अजून कानावर येतो. असा बेमालूम जोड क्वचित मिळतो, मिळाला की सोडू नये.

बाकीचे पटकन. 'बटलर' हा मुळात दारूच्या बाटल्यांवरचा माणूस. मराठीत बटलरच ठेवा, तो शब्द आपल्याकडे रुळला आहे. 'स्पेन्सर' म्हणजे कोठीतून शिधा काढून देणारा, कोठावळा. 'चेंबरलेन' खाजगीकडचा प्रमुख. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यविधीत लॉर्ड चेंबरलेनने आपली पांढरी काठी मोडून शवपेटीवर ठेवली. धनीण गेली, चाकरी संपली. त्या वेळच्या लॉर्ड चेंबरलेनचं आडनाव होतं पार्कर, म्हणजे हरणांच्या राखीव रानाचा राखणदार. 'स्ट्युअर्ड'चा तर राजवंशच झाला. स्कॉटलंडच्या राजाच्या वंशपरंपरागत हाय स्ट्युअर्डने राजकन्येशी लग्न केलं आणि त्याचा मुलगा १३७१ मध्ये गादीवर बसला. तेच पुढचे स्ट्युअर्ट राजे. आपल्याकडे पेशव्यांच्या हाती सगळं आलं तरी गादी साताऱ्यालाच राहिली.

पार्करवरून रानाकडे. 'पार्क' म्हणजे बाग नव्हे, कुंपण घातलेलं शिकारीचं रान, तेव्हा 'उद्यानरक्षक' नको. 'फॉरेस्टर'ला 'वनपाल' म्हणू नका, मराठी वाचकाला लगेच वनखात्याची खाकी वर्दी दिसते. मध्ययुगीन इंग्लंडात 'फॉरेस्ट' ही कायद्याची संज्ञा होती. राजाच्या शिकारीचा खास कायदा चालतो तो प्रदेश, मग तिथे झाडं असोत वा माळ. तिथे मी 'राजाच्या राखीव रानाचा शिपाई' असं लांबलचक लिहितो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

चर्चची माणसं. 'चर्चवॉर्डन' हा पगारी रखवालदार नाही. दर पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, सहसा दोघं निवडले जात आणि चर्चच्या पैशाचा हिशेब ठेवत. 'पंच' हा शब्द बसतो. 'व्हर्जर' काठी घेऊन पुढे चालणारा. 'सेक्स्टन' मूळचा पूजेच्या वस्तू सांभाळणारा, पण गावात घंटा वाजवणं आणि थडगी खणणं त्याच्याकडेच आलं. संदर्भ बघून 'घंटेकरी' किंवा 'थडगी खणणारा' लिहा. 'बीडल' म्हणजे पॅरिशचा दंडुकेवाला शिपाई, डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला बंबल तो हाच. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, संदर्भात 'बीडल' आला तर तो शम्माश, तिथला सेवक, आणि कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींमुळे हा शब्द मराठीला परका नाही.

बायकांची पदं पुस्तकांतून फार गाळली जातात, म्हणून इथे थोडा थांबतो. मोठ्या घरातली 'हाउसकीपर' ही मोलकरीण नव्हे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कोठी, चादरी, मुरंबे, हाताखालच्या मुली, सगळं तिच्या ताब्यात. लग्न झालेलं नसलं तरी तिला मानाने 'मिसेस' म्हणत. ते 'सौ.' करू नका, नावापुढे 'बाई' लावा, मान आपोआप येतो. दुसरीकडे १६६५ च्या लंडनच्या प्लेगातली 'नर्स-कीपर'. बंद केलेल्या घरात रोग्याजवळ राहायला पाठवलेली गरीब बाई, जिच्यावर चोरीचा आणि त्याहून वाईट संशय घेतला जाई. आणि 'सर्चर', मृतदेह पाहून मरणाचं कारण पॅरिशच्या कारकुनाला कळवणाऱ्या म्हाताऱ्या. लंडनच्या मृत्युनोंदी या बायकांच्या तोंडच्या शब्दांवर उभ्या आहेत. 'परिचारिका' आणि 'शोधक' लिहून त्यांची बोळवण करू नका. 'रोग्याची राखण करणारी' आणि 'मयत पाहणारी' हे साधे शब्द जास्त खरे आहेत.

कोशांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. आजचे प्रशासकीय कोश या कामाला निरुपयोगी, ते आजच्या खात्यांसाठी बनलेले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) उलटा वापरा. मराठी पदनाम काढून त्याने इंग्रजीत काय दिलंय ते बघत जा. पेशवाई आठवणारी माणसं हयात असतानाचे अर्थ तिथे आहेत. जोडीला १८४७ चा मोल्सवर्थ-कँडी इंग्रजी-मराठी कोश ठेवा.

राहता राहिली आडनावं. शेफर्ड, पार्कर, कॅल्व्हर्ट (म्हणजे वासरं राखणारा), पिंडर. आडनावांचं भाषांतर कधीच करायचं नाही, हे कोणीही सांगेल. पण १३७७ ते १३८१ मधल्या डोईपट्टीच्या याद्यांत 'जॉन ले पार्कर' आला तर तो अजून खरंच रान राखत असेल किंवा त्याचा आजा राखत असेल. त्याच ओळीत पुढे धंदा वेगळा लिहिलेला असेल, तर आडनाव समजा. धंदा लिहिलेला नसेल, तर 'जॉन पार्कर' लिहून तळटीप द्या. तुमची यादी तयार झाली की प्रत्येक पदापुढे तीन रकाने करा: साल, हातातली वस्तू, हिशेब कोणाला. ज्या ओळीत तिन्ही रकाने रिकामे राहतील, तेवढी पदं मला पाठवा, मूळ वाक्यासकट.